उरलेला विषय

ज्या माणसाचं डोकं गरजेपेक्षा जास्त चालतं, त्याला लग्नाच्या बोलण्याला एकटं पाठवू नये, असं कोडेवाल्याच्या आईचं मत होतं. पण आईचं ऐकतो कोण? कोडेवाला निघाला तो एकटाच. इस्त्रीचा शर्ट घालून, बूट दोनदा पुसून आणि स्वतःवर भलताच खूश होऊन.

हा कोडेवाला कोण, ते आधी सांगायला हवं. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर जे तर्काचं कोडं येतं ना, ते हा रचायचा. पाच शेजारी, पाच घरं, पाच कुत्रे. कोणाचा कुत्रा कोणत्या घरात, ओळखा. नाहीतर चार प्राध्यापक आणि चार विषय. इतिहासवाल्याला चष्मा नाही, गणितवाला खिडकीशी बसत नाही, तर मग संगीत कोण शिकवतं? असल्या उचापतींत लोकांची रविवारची दुपार जायची आणि ह्याचा अख्खा आठवडा. कचेरीत त्याला नावानं हाक मारायची पद्धतच उरली नव्हती. शिपायापासून संपादकापर्यंत सगळे कोडेवालाच म्हणत, आणि आताशा वैतागली की आईसुद्धा.

त्याचं जमलं होतं धाकटीशी. धाकटी म्हणजे तिच्या घरातलं शेंडेफळ, म्हणून सगळ्यांची धाकटी आणि ह्याचीही धाकटीच. दोन वर्षं दोघं बागेतल्या एकाच बाकावर बसत आले होते. ती वाटेत प्रत्येक झाडापाशी थांबायची, पानं उलटी करून बघायची, काही पर्समध्ये टाकायची, आणि तोंडानं सारखं काहीतरी सांगत असायची. हा तेवढ्या वेळात मनातल्या मनात कुत्र्यांना घरं वाटून घ्यायचा आणि मध्येच "अरे वा" म्हणायचा. दोघांचं अगदी छान चाललं होतं. निदान ह्याला तरी तसं वाटत होतं.

निघताना आईनं दारात गाठलं. घरचे सगळे प्राध्यापक आहेत म्हणतोस, तर मग मुलगी काय शिकवते, असं तिनं विचारलं.

"कॉलेजात असते ना ती," कोडेवाला बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"कॉलेजात भिंतीपण असतात," आई म्हणाली.

आता ह्यावर एखादा शहाणा माणूस नाडी अर्धवट सोडून खाली बसला असता. हा कसला बसतोय! आईला ह्यातलं काय कळतंय, असं मनाशी म्हणत जिना उतरलासुद्धा.

त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. धाकटीच्या घराची एक रीत होती. जेवणाच्या टेबलावर कोणी स्वतःच्या विषयाचं नाव काढायचं नाही. काढलं तर त्या दिवशीची सगळी भांडी त्यानं घासायची. म्हणे फार पूर्वी धाकटीच्या वडिलांचं आणि काकांचं जेवताना असं काही वाजलं की सुपाचं मोठं भांडं फुटलं, आणि तेव्हा आत्यानं हा कायदा केला. पुढे त्या कायद्याचा खेळ झाला. घरात नवा माणूस आला, की त्यानं जेवणं उरकेपर्यंत कोणाचा विषय कोणता ते नुसतं ऐकून ओळखायचं. चुकला, तर भांडी त्याची. थोरल्या जावयानं पहिल्याच दिवशी काकांना संगीताचे प्राध्यापक ठरवलं होतं. तेव्हापासून काका दर वाढदिवसाला त्याला बासरी देतात. बिचाऱ्याला वाजवता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही.

पण ह्या खेळात खरी गोम आत्याची होती. धाकटीची आई ती लहान असतानाच गेली आणि आत्यानं तिला वाढवलं. वडील आत्याच्या शब्दाबाहेर नव्हते आणि धाकटी तर मुळीच नव्हती. आत्या हो म्हणाली तर लग्न, आणि आत्या नाही म्हणाली तर मला फार जड जाईल, असं धाकटीनं त्याला बाकावर बसून सरळ सांगितलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं ह्यानं पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून तिला दिला. हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्हाला वाटायचं की ह्या गड्याला काळीज नाही. काळीज होतं. फक्त ते कोड्यांच्या चौकटींच्या मागे कुठेतरी ठेवलेलं असायचं.

"आमच्या घरात चार विषय आहेत," धाकटी म्हणाली होती. "इतिहास, भूगोल, तर्कशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र."

त्यापुढे ती आणखी काहीतरी बोलली. पण वडील, काका, आत्या आणि मामा अशी चार माणसं आणि समोर चार विषय, हे ऐकल्याबरोबर ह्याच्या डोक्यात चौकट आखूनसुद्धा झाली होती. चार बाय चार! अहो, हे तर पुरवणीतल्या लहान मुलांच्या कोपऱ्यात छापायचं कोडं. "अरे वा," तो म्हणाला होता.

घर तसं ऐसपैस होतं, पण माणसाला चालायला जागा कमी. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पुस्तकांची चळत, न्हाणीघराच्या दारापाशी चळत, बसायच्या खुर्चीवर चळत. फक्त जेवणघर तेवढं मोकळं. तिथे कागदाचा कपटादेखील आत्या येऊ देत नसे.

आत्यानंच दार उघडलं. बुटकीशी बाई, पण नजर अशी की माणूस आपोआप बूट काढून ठेवतो. चहा घेणार की सरबत, असं तिनं विचारलं. कोडेवाला अदबीनं "हो" म्हणाला. आत्या आत गेली आणि चहाचा कप आणि सरबताचा पेला असं दोन्ही घेऊन आली. दोन्हीपैकी काहीतरी नक्की हवंय एवढंच तुमच्या उत्तरातून निघत होतं, कोणतं ते निघत नव्हतं, असं तिनं शांतपणे समजावलं, आणि दोन्ही संपेपर्यंत समोर बसून राहिली. चहावर सरबत पीत असताना कोडेवाल्यानं मनात नोंद केली: आत्या, तर्कशास्त्र. एक घर भरलं.

मग मंडळी जेवायला बसली. धाकटीचे वडील टेबलाच्या एका टोकाला आणि काका दुसऱ्या टोकाला. वडील उंच, सडसडीत, टकले. काका म्हणजे तेच वडील, पण वरून कोणीतरी दाबून बसवलेले. दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत; मध्ये कोणी असेल तर त्याच्यामार्फत बोलत. मामा मध्ये बसले होते. मामा फार वर्षांपूर्वी बहिणीकडे आठ दिवसांसाठी म्हणून आले ते राहिलेच. त्यांचं पोट मोठं आणि डॉक्टरांचं पथ्य कडक, त्यामुळे सगळ्यांच्या पुढ्यात उकडलेले बटाटे, वाटाणे, गाजरं आणि वाफाळता रस्सा, तर मामांच्या पुढ्यात नुसता पाला.

कोडेवाल्याची पंचाईत अशी झाली, की जेवणघरात कागद चालत नव्हता. आणि चौकट हाताशी नसली की हा माणूस म्हणजे चष्मा हरवलेला शिंपी. पण त्याचं लक्ष प्लेटकडे गेलं आणि तो मनातून हरखला. त्यानं बटाटे कडेला सारले. काट्यानं रेघा मारल्या. वाटाणा म्हणजे हो, गाजराचा तुकडा म्हणजे नाही. आत्याच्या रांगेत तर्कशास्त्राखाली त्यानं एक वाटाणा बसवला आणि उरलेल्या तीन घरांत गाजरं.

धाकटी समोरून बघत होती. तिनं त्याला डोळ्यांनी विचारलं, काय चाललंय? त्यानं डोळ्यांनीच सांगितलं, तू बघत राहा.

पहिला खडा वडिलांनी टाकला. "मीठ जरा ईशान्येला सरकवा," ते मामांना म्हणाले.

कोडेवाल्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. इतकं सोपं! वडिलांच्या रांगेत भूगोलाखाली वाटाणा ठेवायला त्यानं काटा उचलला, तोच काका, मान वर न करता, मामांना म्हणाले की त्या बाजूला कळवा, ती ईशान्य नव्हे, पूर्व आहे. वडील मामांना म्हणाले की कळवणाऱ्याला कळवा, मी ह्या खुर्चीवर तीस वर्षं बसतोय. त्यावर काका म्हणाले की माणूस कितीही वर्षं बसला तरी खुर्चीची दिशा बदलत नाही. मामांनी काहीच कळवलं नाही. ते कोडेवाल्याच्या वाटाण्यांकडे बघत होते.

मग काकांनी बटाट्याचा डोंगर केला, माथ्यावर रस्सा ओतला, आणि तो कोणत्या कुशीनं खाली उतरतो ते बोटानं दाखवत, पाणी उतारानंच जातं हे काही लोकांना अजून मान्य नाही, असं हवेला सांगितलं. वडिलांनीही हवेलाच सांगितलं, की काही लोकांना उतार दिसतो पण खालचा खडक दिसत नाही.

आता ह्यात ओळखायचं काय राहिलं होतं, तुम्हीच सांगा. रस्त्यानं जाणारा माणूस खिडकीतून डोकावला असता तरी म्हणाला असता, की हे दोघेही भूगोलवाले आणि दोघांचं एकाच नदीवरून बिनसलेलं. पण कोडेवाला रस्त्यानं जाणारा माणूस नव्हता. तो कोडी रचणारा माणूस होता. एका विषयाखाली एकच वाटाणा! एका विषयाची दोन माणसं असली तर कोडं सुटेल कसं? असं कोडं छापलं तर संपादक दारात उभं करणार नाहीत. भूगोल आधी वडिलांनी घेतला, तेव्हा काकांचा भूगोल असूच शकत नाही. त्यानं काकांच्या भूगोलाखाली गाजर ठेवलं, बोटानं घट्ट दाबलं, आणि विचार करू लागला की हा गृहस्थ जुनी भांडणं अशी उकरून काढतो त्या अर्थी इतिहासाचा असणार. वाटाणा.

म्हणजे मामांना राहिलं वनस्पतिशास्त्र. खातरजमा करावी म्हणून त्यानं मामांना तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. मामांनी पाला खाली ठेवला आणि तब्येतीचं मूळ बघायचं तर आजोबांपासून सुरुवात करावी लागेल म्हणाले. मग ते आजोबांपासून सुरू झाले. आजोबांचं पोट, त्या काळचा दुष्काळ, दुष्काळानंतर लोक कसे खाऊ लागले, मग वडिलांचं पोट, अशा वाटेनं स्वतःच्या पोटापर्यंत पोचेस्तोवर पुढ्यातला पाला सुकून गेला. ऐकणाऱ्या कोणालाही कळलं असतं की हा इतिहासवाला आहे. कोडेवाल्यानं मात्र त्या सगळ्यातून एकच शब्द उचलला: मूळ. झाडालाच मूळ असतं. वाटाणा!

त्यात मामांनी फुलदाणीकडे बघून आज गवत छान ठेवलंय म्हणून कौतुक केलं. धाकटी लगेच म्हणाली की मामा, हे गवत नाही, हा लव्हाळा आहे. दांडी बोटांत फिरवून बघ, गोल नाही, तिकोनी लागेल. मामांनी फिरवली आणि खरंच की, म्हणाले. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला गवत ओळखू येऊ नये? कोडेवाला गालात हसला. पक्का बनेल माणूस, मुद्दाम चुकून दाखवतोय. आणि पोरगीही हुशार हो, मामाच्या हाताखाली राहून बरंच शिकली आहे.

तिच्या नखांत माती होती. गळ्यात साखळीऐवजी दोरीला बांधलेलं बारीक भिंग होतं. हे सगळं त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं, आणि हा गृहस्थ गाजराचे तुकडे ओळीत बसवत होता. अस्सा राग येतो ना.

चौकट पुरी झाली आणि त्याच वेळी आत्या रश्श्याचा डाव घेऊन मागे उभी राहिली. पाहुण्याच्या प्लेटीतलं काही कमी होत नाहीये हे तिनं केव्हाच टिपलं होतं. कोडेवाल्यानं घाईघाईनं प्लेटीवर हात धरला, रस्सा हातावर पडला, हात झटकला गेला, आणि तर्कशास्त्र, भूगोल, इतिहास सगळे एकमेकांत मिसळून मामांच्या दिशेनं वाहत गेले. मामांनी ईशान्य की पूर्व ते न विचारता दोन वाटाणे टिपले आणि तोंडात टाकले.

पण उत्तर आता कोडेवाल्याच्या डोक्यात पक्कं होतं. पोळलेला हात रुमालात धरून तो उभा राहिला. उभं राहायची काही गरज नव्हती, पण राहिला.

आत्या तर्कशास्त्र, असं त्यानं सांगितलं. आत्यानं मान हलवली. वडील भूगोल, असं सांगितलं. वडिलांनी मान हलवली. धाकटीच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, की कोडेवाल्याला वाटलं आपण जिंकलो. मग त्यानं काकांकडे हात केला आणि मोठ्या रुबाबात म्हणाला, काका इतिहास.

काकांच्या हातातला चमचा खाली पडला.

"इतिहास? मी?" काका ताडकन उठले. "अहो, मी भूगोल शिकवतो. आणि तिकडे जे बसलेत त्यांच्यापेक्षा बरा शिकवतो."

मग वडील हसायला लागले. ते काकांकडे बघून, मध्ये मामांना न घालता, थेट म्हणाले, "भांडी तुझी." कित्येक वर्षांनी भाऊ भावाशी बोलला, तो हे दोन शब्द. मामाही पाल्याआडून म्हणाले की मग इतिहास आमच्याकडे येतो बरं का. एवढं बोलून त्यांनी जीभ चावली, पण आत्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पथ्याच्या माणसाला आणखी काय शिक्षा करायची?

कोडेवाला मात्र उभ्याउभ्या गार पडला. चार माणसं आणि चार विषय, आणि त्यात एक विषय दोघांत. मग विषय चार कसे, हे बसतच नाही, असं तो पुटपुटला. एक विषय जास्त होत होता. तो मालकाशिवाय टेबलावर पडून होता.

"दोन बरोबर, एक चूक," आत्या म्हणाली. "चार विषय आहेत हे खोटं नाही. मग ही कोण?"

तिनं धाकटीकडे बोट केलं होतं.

कोडेवाल्यानं धाकटीकडे पाहिलं. कोड्यात एक असतो सूत्रं सांगणारा. तो सगळ्यांबद्दल सगळं सांगतो, पण तो स्वतः चौकटीत कधी नसतो. त्याला रांग नसते, त्याच्या नावाखाली वाटाणा नसतो. दोन वर्षं ह्यानं तिला तिथंच बसवलं होतं. आता त्याला आठवलं, की चार विषय सांगून झाल्यावर ती बाकावर पुढे काय म्हणाली होती. तुला तर सोपंच आहे, त्यातला एक तुला ठाऊकच आहे, असं म्हणाली होती. आणि हा "अरे वा" म्हणाला होता.

धाकटीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. ती बघत होती, आणि तिला आधी विश्वासच बसत नव्हता, मग हळूहळू बसला. तिला फार लागलं. कोणालाही लागलं असतं.

गंमत अशी, की उत्तर आता त्याच्या जिभेवर होतं. इतिहास मामांचा, भूगोल दोघा भावांचा, तर्कशास्त्र आत्याचं. उरलं काय? शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. ते सांगून टाकलं असतं तर खेळ सुटत होता, आत्या निदान अर्धे गुण देत होती, लग्नाची गाडी कशीबशी रुळावर येत होती. त्यानं तोंड उघडलं. मग पुन्हा तिच्याकडे बघितलं आणि मिटलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"विचार करा," आत्या म्हणाली. "आता तर अगदी सोपं आहे."

"सोपं आहे. पण ते उरलंय म्हणून सोपं आहे. उरलंसुरलं हिच्या नावावर टाकायचं आणि ओळखलं म्हणायचं..." त्यानं हातातला रुमाल टेबलावर ठेवला. "हिनं मला सांगितलं असणार. पुष्कळदा सांगितलं असणार. मी ऐकलंच नाही. मला माहीत नाही, हेच खरं आहे."

आत्यानं हातातला डाव टेबलावर ठेवला. मग खाली बसली. ह्या टेबलावर चाळीस वर्षं प्राध्यापक जेवताहेत, पण "माहीत नाही" हे दोन शब्द मी आज पहिल्यांदा ऐकले, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. वडील खिडकीबाहेर पाहू लागले, मामांनी फुलदाणीत लक्ष घातलं. थोरल्या जावयानं संगीत सांगितलं होतं आणि वर काकांच्या गळ्याची तारीफही केली होती, ह्याचीही आत्यानं आठवण काढली.

"माझं हो आहे," ती म्हणाली. "नापास आहेस, पण हो आहे. चल, भांडी घास."

तुम्हीचं तू झालं होतं. एरवी कोडेवाल्यानं हे पहिल्यांदा टिपलं असतं. पण धाकटी आपली प्लेट उचलून आत निघून गेली होती, आणि त्याला आत्याच्या होकाराचं काही सुचतच नव्हतं.

स्वयंपाकघरात मोरीपाशी आधीच काका बाह्या सरसावून उभे होते. बोलल्याप्रमाणे भांडी त्यांचीही होतीच. त्यांनी मोठं पातेलं घेतलं आणि कोडेवाल्याला नळ जरा दक्षिणेला फिरव म्हणाले. दुसऱ्या बाजूला धाकटी पुसायचं फडकं घेऊन उभी राहिली. ती भांडं घ्यायची, पुसायची, ठेवायची, आणि ह्याच्याकडे बघायची नाही. एकांत म्हणावा तर मध्ये काका, आणि काका काही हलायचं नाव घेईनात.

"आत्याचं हो झालं," शेवटी धाकटीच म्हणाली. "माझं अजून झालेलं नाही."

त्यानं मान डोलावली.

नोकरी लागली त्या दिवशी बाकावर बसून मी तुला सगळं सांगितलं होतं, असं ती म्हणाली. पहिल्या तासाला कशी घाबरले, मुलांना काय दाखवलं, सगळं. तू दोनदा अरे वा म्हणालास. मला वाटलं तुला फार आनंद झालाय. हे सांगताना तिनं एकच कप पुसून पुसून कोरडाठाक केला. कोडेवाल्याला तो दिवस आठवला. त्या दिवशी पाच दंतवैद्य होते, आणि हिरव्या दाराचा दवाखाना काही केल्या बसत नव्हता. हे त्यानं तिला खरंखरं सांगितलं. दुसरं काय सांगणार?

"बसला का शेवटी?" तिनं विचारलं.

"नाही. ते कोडं तसंच चुकीचं छापलं."

काका पातेल्यात तोंड घालून खोकले.

कोडेवाल्यानं साबणाचे हात शर्टालाच पुसले. इस्त्री गेली ती गेली. "तू काय शिकवतेस?" त्यानं विचारलं.

"ठाऊक झालंय ना आता?"

"नाव ठाऊक झालंय. काय शिकवतेस, ते सांग."

"ते मोठं आहे," ती म्हणाली.

"भांडीपण पुष्कळ आहेत," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे रोखून बघितलं, अगदी आत्यासारखं. मग गळ्यातलं भिंग काढून त्याच्या ओल्या हातात दिलं आणि मोरीच्या खिडकीबाहेरच्या भिंतीवर हिरवं काय दिसतंय ते बघ म्हणाली. तो वाकला. शेवाळ दिसतंय, म्हणाला. मग नीट बघ, म्हणाली. त्यानं पुन्हा बघितलं, आणि ती सांगायला लागली. त्याला बरंच कळलं नाही. कळलं नाही की तो थांबवायचा आणि विचारायचा, आणि ती पुन्हा सांगायची, आधी तुटक तुटक, मग नेहमीसारखी हातवारे करत. एकदाही तो अरे वा म्हणाला नाही. काकांचं पातेलं केव्हाच लख्ख झालं होतं, पण ते त्याच त्या जागी काथ्या फिरवत उभे राहिले.

निघताना दारात ती म्हणाली की गुरुवारी कॉलेजात ये, माझ्या वर्गात मागच्या बाकावर बस, मग माझं काय ते सांगते. आणि डोक्यात कुत्रे घेऊन आलास तर शिपायाला सांगून बाहेर काढीन. तो नक्की येतो म्हणाला. पायऱ्या उतरून पुन्हा वर आला आणि कितव्या मजल्यावर ते विचारून गेला.

घरी आई वाटच बघत होती. शर्टावर रस्सा, बाह्यांवर साबण आणि हाताला फोड, असं ध्यान बघून तिनं आधी कपाळाला हात लावला. मग काय म्हणाली ती मंडळी, असं घाबरतच विचारलं.

"आई," तो बूट न काढताच म्हणाला, "शेवाळाला मुळं नसतात."

"असं?"

"अजिबात नसतात. सगळ्या अंगानं पाणी पितं ते. आणि पार वाळलं, आता मेलंच असं वाटलं, तरी थोडं पाणी मिळालं की पुन्हा हिरवं होतं. ती हे शिकवते. ह्यातलंच काहीतरी तिला शोधायचंय, ते मला अजून नीट कळलेलं नाही. गुरुवारी विचारतो."

आईनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग गॅसवर चहा ठेवला, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आधी तिला भेटायलाच हवं मला. आणखी काय काय म्हणाली, सांग."